निकाल आणि डाव

फ्रान्समधील जुन्या धंदेवाईक कुस्त्यांविषयी आमच्या सुशिक्षित मंडळींपुढे कोणी चार बरे शब्द बोलू लागला, तर त्यास एकच उत्तर मिळते : ‘त्या कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असे; मग त्यांत पाहावयाचे ते काय?’ हे वाक्य अशा थाटात उच्चारले जाते की, जणू वाद तेथेच मिटला. आमच्या मते तो तेथे सुरू होतो. कुस्ती कशी पाहावी हेच आमचा शिकलेला वर्ग विसरला आहे, असा या वाक्याचा अर्थ आहे; आणि त्या विस्मृतीची झळ पॅरिसला लागणार नसून कोल्हापूर-साताऱ्याला लागणार आहे. म्हणूनच याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम हे मल्ल कोण होते ते पाहू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्तीच्या सर्वांत वजनदार गटाचे सुवर्णपदक मिळविणारा आंरी देग्लान हाच पुढे फ्रान्समध्ये ‘कॅच’ या नावाने रुजलेल्या धंदेवाईक कुस्तीचा अध्वर्यू झाला. पुढे चित्रपटांत नावारूपास आलेला लिनो वेंतुरा हा मूळचा याच आखाड्यातला. १९५० साली एका लढतीत आंरी कोगां याच्याकडून त्याचा पाय मोडला व त्याची कुस्ती कायमची सुटली. त्या लढतीचा निकाल ठरलेला असेल वा नसेल. हाड मोडले ते मात्र खरेच मोडले. या मंडळींना केवळ सोंगाडे म्हणून निकालात काढणाऱ्याने निदान एवढे तरी ध्यानात घ्यावे.

पुढे १९५० नंतरच्या दोन दशकांत या लढती फ्रेंच दूरचित्रवाणीवर नियमाने दिसत, आणि त्यांतील काहींच्या चित्रफिती आजही पाहावयास मिळतात. त्यांत बुरखे घातलेले मल्ल आहेत, पंचाशी हुज्जत घालणारे खलपुरुष आहेत, आरडाओरडा आहे. हे सारे आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच चित्रफितींत दुसरेही काही आहे. एकाने दुसऱ्याची मान दोन्ही पायांच्या कैचीत आवळली आहे. सापडलेला मल्ल ओढाताण करीत नाही. तो डोके जमिनीस टेकतो, दोन्ही पाय सरळ वर नेतो, क्षणभर तोल सांभाळतो, आणि एका झटक्यासरशी मान सोडवून पायांवर उभा राहतो. दुसरा एक मल्ल पाठीवर पडता पडता डोके व टाचा यांवर सर्व अंगाची कमान करतो, खांदे जमिनीस टेकू देत नाही, आणि त्या कमानीतूनच वळून वर येतो. ही मानेची ताकद, हा तोल, ही वेळेची जाण कोणत्याही कंत्राटदाराला कागदावर लिहून देता येत नाही. जय कोणाचा हे ठरविता येईल. डाव मात्र अंगात असावा लागतो.

आमच्याच रंगभूमीचा दाखला घ्या. खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ १९१६ साली रंगभूमीवर आले. रुक्मिणी कृष्णास वरणार की शिशुपालास, या चिंतेने तिकीट काढून कोणी गेला असेल काय? शेवट सर्वांस ठाऊक होता. म्हणून बालगंधर्वांचा सूर खोटा होता असे म्हणण्याचे धाडस कोणीही मराठी मनुष्य करणार नाही. जो न्याय गळ्याला, तोच मनगटाला का नसावा?

यावर आक्षेप येईल की, नाटक आपणास नाटक म्हणविते. कुस्ती मात्र खरी म्हणून विकली जाते. आक्षेप रास्त आहे. मैदानात खरी झुंज म्हणून जाहीर केलेली कुस्ती आतून मिटवून घेणे ही फसवणूक आहे, आणि तिची तरफदारी आम्ही कदापि करणार नाही. परंतु तो दोष व्यवहाराचा आहे. त्याने कलेची पारख करण्याचे आमचे कर्तव्य सुटत नाही. शिवाय खरेपणा हीच एकमेव कसोटी मानली, तर काय होते? १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा व पोलंडचा झिबिस्को यांची लढत झाली. तिच्या खरेपणाविषयी शंका नाही. तथापि सुमारे अडीच तासांपैकी बहुतेक वेळ झिबिस्को पोटावर पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. खरेपणाच्या कसोटीवर ती पूर्णपणे उतरते. डोळ्यांना मात्र तिने फारच थोडे दिले.

दुसरा पक्ष याहून विद्वान आहे. रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५७ च्या ‘मिथोलॉजी’ या आपल्या ग्रंथात याच कॅचवर निबंध लिहिला. कॅच हा खेळ नसून देखावा आहे. प्रेक्षकाला तेथे वेदना, पराभव व न्याय यांचे ठळक दर्शन हवे असते, हा त्याचा सिद्धांत. निबंध तल्लख आहे, आणि निकालाच्या प्रश्नास त्याने दिलेली बगल आम्हांस पटते. परंतु मल्लाचा चेहरा त्याने जितका वाचला, तितका त्याचा हात वाचला नाही. कण्हणे कशाचे चिन्ह आहे हे तो सांगतो. पकड कोठे बसली हे सांगत नाही. आमच्या इकडील पंडितही त्याच वाटेने जातात.

आता घरचे पाहू. शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरास खासबाग मैदान उभारले, ते मध्ये आखाडा व भोवती चढती बैठक अशा घडणीचे, की शेवटच्या माणसासही मल्लाचा पाय कोठे पडला हे दिसावे. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, मोळी ही नावे अशा पाहणाऱ्या डोळ्यांनी जिवंत ठेवली. करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, ते याच विद्येला शास्त्राचे स्थान मिळावे म्हणून. आज त्या नावांपैकी किती नावे आमच्या पदवीधरास ठाऊक आहेत? किंगकाँग केवढा धिप्पाड होता हे सांगणारे अद्याप भेटतात. दारासिंगाने त्यास खांद्यांवर घेऊन गरगर फिरविल्याची आख्यायिकाही ते रंगवून सांगतात. पण प्रतिस्पर्ध्याच्या अंगाखाली शिरून त्यास खांद्यांवर आडवा घेण्याची ती रीत आमच्या कलाजंगाची सख्खी बहीण आहे, हे सांगणारा विरळा.

नवी मुंबईचेच उदाहरण घ्या. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात ओझी वाहणारे कित्येक माथाडी कामगार सातारा-सांगलीकडचे. भोवतालच्या आगरी-कोळी गावांच्या जत्रांत कुस्त्यांचे फडही लागतात. फडाच्या कडेला उभा असलेला हमाल ‘पट काढला’, ‘बगलडूब मारली’ हे डोळ्याचे पाते लवण्याआधी सांगतो. शेजारच्या उंच इमारतीतील विद्वान त्याच कुस्तीत दोन दांडगे एकमेकांस लोळविताना पाहतो, आणि मॅटवरच्या तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत गुणफलकाकडे डोळे लावून बसतो. या दोघांत अडाणी कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

प्रेक्षकाला जे दिसत नाही ते मल्ल फार दिवस शिकत नाही. टाळी केवळ निकालालाच पडू लागली, की वस्ताद निकालापुरतेच शिकवितो, आणि विद्या निमूटपणे आटते. तेव्हा आमचे मागणे माफक आहे. फ्रेंच चित्रफीत असो वा गावचा फड असो, कोण जिंकले हे विचारण्यापूर्वी कोणता डाव लागला व तो कसा सुटला, एवढे विचारण्याची सवय आमच्या शिकलेल्या वर्गाने लावून घ्यावी. ‘निकाल’ हे आमच्या तालमींत एका डावाचेही नाव आहे. तेवढा एक निकाल जरी या मंडळींनी ओळखावयास शिकून घेतला, तरी बाकीच्या निकालांविषयीचा त्यांचा आग्रह पुष्कळसा शांत होईल.