फोटोतली चकली, ताटातली चकली

मुलांनो,

दिवाळीला अजून महिनाभर आहे, पण काही घरांत भाजणीचा खमंग वास आत्ताच सुटला असेल. ही घरं म्हणजे फराळ करून विकणाऱ्यांची. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या आया घरबसल्या असा काही ना काही उद्योग करतात. कुणी चकली-चिवडा करतं, कुणी पोळ्या लाटून देतं, कुणी साड्यांना फॉल-पिको करतं, कुणी पणत्या रंगवून विकतं. पूर्वी अशा घराच्या दारावर खडूने लिहिलेली पाटी असायची. आता पाटी फोनमध्ये आली आहे. आणि घरात फोन सगळ्यांत चांगला कुणाला चालवता येतो? बरोबर, तुम्हाला! म्हणून आजचा तास तुमचाच.

परवा मधल्या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाई, आईने केलेल्या चकलीचा फोटो आम्ही तिच्या इन्स्टाग्रामवर टाकला. साठ लाइक आले! पण ऑर्डर दोनच आल्या. असं का हो?"

मी विचारलं, "फोटोवर काय काय लिहिलं होतंत?"

"लिहायचं काय? चकली दिसतेय की!"

"भाव?" "नाही लिहिला."

"किती वजनाचं पाकीट?" "नाही."

"कुठे राहता, कधीपर्यंत सांगायचं, घरपोच देणार की येऊन न्यायचं?"

"ज्याला हवं तो विचारेल ना, बाई!"

नाही विचारत, मुलांनो. बाजारात भाव न लावलेलं दुकान दिसलं, तर आपणही कितीदा नुसतं बघून पुढे जातो! शिवाय ते साठ लाइक होते कुणाचे? मावशी सुरतला, आत्या नागपूरला, मामाचे मित्र पुण्याला. त्यांनी कौतुक केलं, अगदी मनापासून केलं. पण कौतुकाला पैसे पडत नाहीत आणि अंगठा उचलायला कष्टही पडत नाहीत. लाइक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, हे पहिलं वाक्य वहीत लिहून ठेवा.

पाटी नीट लिहू या

फोनवरची पाटी लिहायची तर पाच गोष्टी हव्यातच. काय आहे, किती वजनाचं आहे, कितीला आहे, कुठे मिळेल आणि कोणत्या तारखेपर्यंत सांगायचं. एवढं मोठ्या अक्षरांत, शुद्ध मराठीत लिहिलंत तरी अर्धं काम झालं. (शुद्धलेखन माझ्यासाठी नको, गिऱ्हाइकासाठी हवं. 'चकलि' वाचून दुकान कच्चं वाटतं!)

आता फोटो. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेली चकली काळपट दिसते. सकाळी खिडकीजवळ, स्वच्छ ताटात ठेवून, फ्लॅश न लावता फोटो काढा. शेजारी एखादी वाटी ठेवा, म्हणजे चकली केवढी आहे ते कळतं.

आणि हो, फोटो स्वतःच्याच चकलीचा हवा. काही जण नेटवरची देखणी चकली उचलतात आणि आपल्या नावावर लावतात. एक तर तो फोटो दुसऱ्याच्या मेहनतीचा, न विचारता घ्यायचा नाही. दुसरं असं, की गिऱ्हाईक पाकीट उघडतं तेव्हा त्याला ताटातली चकली दिसते. ती फोटोतल्या चकलीपेक्षा वेगळी निघाली, तर तुमची चकली चवीला कितीही छान असली तरी 'फसवलं' हीच चव तोंडात राहते. दिशाभूल करणारी जाहिरात करू नये, असं आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही म्हटलं आहे. पण कायदा नसता तरी हे आपल्याला कळतंच, नाही का?

स्टेटस कुणाला दिसतं?

पुष्कळ घरांत इन्स्टाग्रामपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपचंच काम मोठं असतं. आई सकाळी स्टेटसला ताट ठेवते, चोवीस तासांनी ते आपोआप जातं. पण एक गंमत माहीत आहे? तुमच्या आईचं स्टेटस एरवी त्यांनाच दिसतं, ज्यांचा नंबर आईकडे साठवलेला आहे आणि ज्यांनी आईचाही नंबर साठवलेला आहे. म्हणजे दोन्हीकडून ओळख हवी. म्हणून पाकिटावर छोटीशी चिठ्ठी लावा: 'आमचा नंबर साठवून ठेवा आणि नावासह एक निरोप पाठवा.' फुकटातली ही युक्ती साठ लाइकपेक्षा जास्त कामाची आहे.

छोट्या दुकानदारांसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस नावाचं वेगळं अ‍ॅप २०१८ सालापासून मिळतं. त्यात मालाची यादी भावासकट लावून ठेवता येते. ऑर्डरींना 'नवीन', 'पैसे मिळाले' अशी खूणही करता येते. आई स्वयंपाकात असताना निरोप आला, तर 'संध्याकाळी सहानंतर कळवते' असं उत्तर आपोआप जाऊ शकतं. ते एकदा नीट लावून देणं हे तुमचं काम!

आता पाटी-पेन्सिल घ्या

गिऱ्हाईक वाढवायचं म्हटलं, की सगळ्यांच्या डोक्यात पहिलं येतं, 'सूट द्या!' देऊ या की. पण आधी गणित करू. हे आकडे मी हिशेबापुरते धरले आहेत, तुम्ही घरचे खरे आकडे घाला.

एक किलो चकलीसाठी:

भाजणी १३० रुपये
तेल ९० रुपये
तीळ, मसाला २५ रुपये
गॅस २५ रुपये
पाकीट १५ रुपये
एकूण खर्च २८५ रुपये

विकली ४०० रुपयांना. उरले किती? ११५ रुपये. छान.

आता दहा टक्के सूट द्या. ४०० चे दहा टक्के ४०. म्हणजे चकली गेली ३६० ला. खर्च तोच, २८५. उरले ७५. पाहिलंत? किंमत दहा टक्क्यांनी उतरली, पण नफा तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरला. आता वर 'घरपोच फुकट' असंही लिहिलंत आणि पोचवायला रिक्षाचे ४० रुपये गेले, तर उरले फक्त ३५.

आणि एक रकाना आपण कोरा ठेवला आहे. कुठला, ओळखा बघू? आईची मजुरी! भाजणी मळायची, सोऱ्याने पाडायची, तळायची, गार झाल्यावर भरायची. समजा अडीच तास लागले. ३५ भागिले अडीच, म्हणजे तासाला १४ रुपये. शेगडीसमोर उभं राहून तासाला १४ रुपये! आणि आपण म्हणतो, "ऑर्डरी केवढ्या वाढल्या!" ऑर्डरी वाढल्या, मुलांनो, पण आई काही पुढे गेली नाही. ती नुसती जास्त दमली. म्हणून सूट जाहीर करण्याआधी हा रकाना भरा.

आणि एकदम गर्दी झाली तर?

ही गोष्ट दिल्लीची आहे आणि अगदी खरी. मालवीय नगर भागात 'बाबा का ढाबा' नावाचं छोटंसं खाण्याचं दुकान एक वृद्ध नवरा-बायको चालवत होते. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीमुळे गिऱ्हाईक जवळजवळ नाहीसं झालं. ऑक्टोबर महिन्यात कुणीतरी त्यांचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. त्यात आजोबांच्या डोळ्यांत पाणी होतं. तो लाखो लोकांनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ढाब्यापुढे रांग लागली! दूरदूरहून लोक मटर-पनीर खायला आले. अनेकांनी पैशांची मदतही केली.

डिसेंबरमध्ये त्यांनी एक मोठं उपाहारगृह सुरू केलं. पण हळूहळू गर्दी ओसरली. त्या वेळच्या बातम्यांत जे आकडे आले होते, ते असे: महिन्याचं भाडं ३५ हजार, तीन नोकरांचा पगार ३६ हजार, वीज आणि पाणी १५ हजार, शिवाय किराणा. सगळा मिळून खर्च लाखाच्या घरात. आणि विक्री महिन्याला ४० हजारांच्या वर जाईना. करा वजाबाकी. दर महिन्याला साठेक हजारांचा खड्डा! २०२१च्या फेब्रुवारीत ते उपाहारगृह बंद झालं आणि ते दोघं पुन्हा आपल्या जुन्या ढाब्यावर आले.

यात त्या आजी-आजोबांना हसण्यासारखं काहीही नाही. त्या व्हिडिओमुळे वाईट दिवसांत त्यांना मोठा आधार मिळाला, हेही तितकंच खरं. पण आपण शिकायचं काय? व्हिडिओ बघून आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा येतं ते कुतूहलानं. भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं, कुतूहल संपल्यावरसुद्धा. म्हणून गर्दीच्या एका आठवड्यावर वर्षाचा खर्च बांधायचा नाही.

घरच्या उद्योगातही हेच. आईच्या कढईत दिवसाला तीन किलो चकली होते आणि चाळीस किलोची मागणी आली, तर काय कराल? सगळ्यांना 'हो' म्हणून वसुबारसेला हात वर करण्यापेक्षा, पाटीवर स्वच्छ लिहा: 'या वर्षीच्या ऑर्डरी पूर्ण झाल्या. धन्यवाद!' दिलेला शब्द पाळणारं दुकान लोक पुढच्या वर्षीही शोधत येतात.

फोन नव्हता तेव्हा

लिज्जत पापड तुम्ही खाल्ला असेलच. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी मिळून पापड लाटले. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची पाकिटं झाली किती? चार! ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या दुकानदाराला विकली. तोट्यात गेलो तरी देणगी मागायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, तर त्यांनी चार महिने काम थांबवलं. दुसऱ्या वर्षी खाटेवर पापड आणि खाली शेगडी, अशी तोड काढली. आज त्या संस्थेत हजारो बायका काम करतात.

फोन नव्हता, लाइक नव्हते. तरी बातमी पसरली. एकीने खाल्ला, तिने दुसरीला सांगितलं. फोनमुळे हे सांगणं फार लवकर होतं, एवढाच फरक. चांगलं लवकर पसरतं आणि वाईटही! म्हणून कुणी लिहिलं, 'चकली मऊ पडली', तर ते पुसून टाकू नका. 'माफ करा, दुसरं पाकीट देतो' असं तिथेच लिहा आणि खरोखर द्या. आणि मित्रांना सांगून खोटी स्तुती तर मुळीच लिहून घेऊ नका. आपली पाठ आपणच थोपटायची नसते.

एवढं सांभाळा

१. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपचं खातं काढायला वयाची तेरा वर्षं पूर्ण लागतात. तोवर खातं आईचं, फोन आईचा, तुम्ही फक्त मदतनीस.

२. पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीही घालावा लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हटलं, की तो लबाड समजा. पैसे भरल्याचा नुसता फोटो पाहून माल देऊ नका, खात्यात जमा झालेत का ते बघा. फसवणूक झालीच, तर मोठ्यांनी लगेच १९३० या नंबरवर कळवावं.

३. घराचा पूर्ण पत्ता सगळ्यांना दिसेल असा लिहू नका. गावाचं किंवा पेठेचं नाव पुरे. बाकी पत्ता गिऱ्हाइकालाच कळवा.

४. घरी करून विकलेल्या खाद्यपदार्थांनाही अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापलेला असतो. घरातलं कुठलंही बिस्किटाचं पाकीट घ्या आणि शोधून काढा!

पालकांसाठी दोन शब्द

मुलांकडून फोटो, यादी, हिशेब जरूर करून घ्या. टक्केवारी शिकवायला याहून चांगलं पुस्तक नाही. पण गणवेशातल्या मुलाचा चेहरा जाहिरातीत नको, आणि अनोळखी गिऱ्हाइकांच्या निरोपांना उत्तर देण्याचं काम मुलांवर नको. 'आज किती लाइक आले?' यापेक्षा 'आज किती जणांनी परत मागितलं?' हे मुलांना विचारा.

करून पाहा

तुमच्या घरी किंवा शेजारी एखादा छोटा उद्योग असेल, तर वहीचं एक पान आखा. चार रकाने करा: नवं गिऱ्हाईक, परत आलेलं गिऱ्हाईक, खर्च आणि मजुरीचे तास. महिनाभर रोज भरा. महिन्याच्या शेवटी दुसऱ्या रकान्यातला आकडा पहिल्यापेक्षा मोठा झाला, तर समजा की पाया पक्का आहे. तो छोटा राहिला, तर नवा फोटो काढण्याआधी चकली खाऊन बघा!

पान भरलंत की मला नक्की कळवा. पुढच्या आठवड्यात आपण आकाशकंदिलाची भूमिती पाहू. कात्री, खळ आणि जुनी वर्तमानपत्रं तयार ठेवा.

तुमच्या,
बाई