रामकुंड, टीडीएस पेन आणि कार्बनचा सेन्सर

परवा पंचवटीत रामकुंडावर मित्राने खिशातून टीडीएस पेन काढला, पाण्यात बुडवला आणि म्हणाला, "आकडा कमी आहे रे, पाणी एकदम ओके!" मला आधी हसू आलं, मग काळजी वाटली. 2027 च्या सिंहस्थात इथे लाखो लोक स्नान करणार आहेत.

टीडीएस पेन पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच पाहतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. पाण्यात शिसं आहे का, सांडपाणी मिसळलंय का, हे त्याला कळत नाही. स्नानाच्या पाण्यासाठी सीपीसीबीचे निकष वेगळेच आहेत: बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत, फीकल कोलिफॉर्म 100 मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त 2500. पण बीओडीची चाचणी 27 अंशांवर 3 दिवस चालते. प्रयागराजच्या महाकुंभातही फीकल कोलिफॉर्म जास्त असल्याचा सीपीसीबीचा अहवाल फेब्रुवारी 2025 मध्ये चर्चेत आला, तोवर कोट्यवधी लोकांचं स्नान झालं होतं.

झटपट उत्तरासाठी घरातला ग्लुकोमीटर आठवा. त्याच्या पट्टीवर इलेक्ट्रोड असतात; रक्तातल्या साखरेमुळे बारीकसा करंट तयार होतो आणि मीटर तो मोजतो. शिसं शोधायलाही अशी पट्टी वापरता येते. इलेक्ट्रोडवर कार्बन नॅनोट्यूब किंवा ग्राफीनचा थर दिला, की तेवढ्याच जागेत पृष्ठभाग कितीतरी वाढतो, इलेक्ट्रॉनची ये-जा सोपी होते आणि सिग्नल मोठा मिळतो. आधी व्होल्टेज देऊन पाण्यातलं शिसं इलेक्ट्रोडवर गोळा करायचं, मग व्होल्टेज बदलत ते सोडवायचं. प्रत्येक धातू आपापल्या व्होल्टेजला सुटतो. त्या वेळी करंट किती वाढला, यावरून प्रमाण कळतं. काम काही मिनिटांचं, आणि वाचणारं छोटं यंत्र फोनला जोडता येतं.

पण नदीचं पाणी म्हणजे लॅबमधलं स्वच्छ द्रावण नव्हे. गाळ, साबण, तेल इलेक्ट्रोडवर बसलं की आकडा फसवतो. शिवाय शिशाचा सेन्सर जंतू मोजत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागतेच.

म्हणून माझं मत सरळ आहे: सेन्सर इशाऱ्यासाठी, लॅब खात्रीसाठी, आणि दोन्हींचे आकडे तारीख-वेळेसह घाटावर आणि आपल्या फोनवर दिसायला हवेत. मित्राला एवढंच म्हणालो, "पेन ठेव खिशात. आकडा कशाचा, कधीचा आणि कोणी तपासलेला, ते आधी विचार."