वेचणीआधीचा पैसा

मोठ्या शहरांतील नव्या कॉफीगृहांत मिळणाऱ्या पाकिटांवर हल्ली बागेचे नाव छापलेले असते. बाग समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, झाड कोणत्या वाणाचे, फळे धुऊन वाळविली की सालासकट, ही सारी माहिती त्यावर मिळते. खाली बहुधा एक ओळ असते, ती म्हणजे एका कुटुंबाने पिढ्यान्पिढ्या राखलेली डोंगरउतारावरची बाग. चिकोरी मिसळलेल्या नेहमीच्या पुडीच्या कित्येक पट पैसे ग्राहक या कॉफीसाठी आनंदाने मोजतो. त्यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच, की ज्या कुटुंबाच्या नावावर ही किंमत मिळते, त्याच्या वाट्याला त्यातली जोखीम किती आणि मोबदला किती?

बागेचे नाव पाकिटावर येणे ही आपल्याकडे तशी अलीकडची गोष्ट. बाबा बुदन या सूफी संताने सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. लागवड जुनी असली, तरी १९४२च्या कॉफी कायद्यानंतर कित्येक दशके बागायतदाराने आपला माल कॉफी मंडळाच्या सामायिक साठ्यात जमा करायचा आणि पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे, अशीच रीत होती. उत्तम माल आणि सामान्य माल एकाच साठ्यात जाई. बागेच्या नावाला बाजारात अर्थच नव्हता. १९९६मध्ये हे बंधन पूर्णपणे उठले. पुढे २०१९मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकूची अरेबिका तसेच वायनाडची रोबस्टा यांना भौगोलिक मानांकन लाभले. (महाराष्ट्रातही चिखलदऱ्याच्या थंड हवेत कॉफीची जुनी झाडे आहेत, पण व्यापाराच्या दृष्टीने तो पसारा किरकोळ.)

देशातील कॉफी बागायतदारांपैकी सुमारे ९८ टक्के दहा हेक्टरांहून कमी जमिनीचे धनी आहेत. म्हणजे ‘कुटुंबाची बाग’ हा अपवाद नसून नियमच आहे. वेगळेपण असते ते वेचणीत.

अरेबिकाच्या एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर आणि लालबुंद फळे एकाच वेळी असतात. साधा माल काढायचा तर दोन-तीन फेऱ्यांत फांद्या ओरबाडून काम उरकता येते. विशेष दर्जाच्या कॉफीसाठी मात्र पूर्ण पिकलेले फळच हवे. त्यामुळे नोव्हेंबरपासून तीच ती झाडे पुन्हा पुन्हा धुंडाळावी लागतात. मजुराला किलोमागे दाम दिला तर तो साहजिकच हिरवे फळही टोपलीत टाकणार. म्हणून रोजंदारी द्यावी लागते, आणि मलनाडात मजूर मिळणेच दुरापास्त झाले आहे. पुढे फळांची निवड, वाळवणीच्या अंगणात दिवसातून अनेकदा माल हलविणे, अवकाळी पाऊस आला की धावपळ करून झाकणे, हे आलेच. सुमारे सहा किलो ताज्या फळांतून एक किलो कच्ची कॉफी निघते. भाजताना तिचेही वजन पाच-सहा भागांतील एक भाग घटते.

हा सगळा खर्च बागायतदार नोव्हेंबर ते जानेवारीत रोखीने करतो. खरेदीदार भाजणीवाला उगवतो तो फेब्रुवारीत. तो नमुने भाजतो, चव घेतो, शंभरपैकी गुण देतो. ऐंशीच्या खालची कॉफी विशेष दर्जाची मानली जात नाही. मग वीस पोत्यांतील चार पोती तो उचलतो. उरलेली सोळा, ज्यांवर तेवढीच मजुरी खर्च झालेली असते, ती गावच्या व्यापाऱ्याकडे चालू दराने जातात. चार पोत्यांवर मिळालेला अधिक भाव सोळा पोत्यांच्या अधिक खर्चात विरून जातो. पाकिटावर मात्र बागेचे नाव झळकते. या व्यवहाराला ‘थेट शेतकऱ्याकडून खरेदी’ म्हणणे शब्दशः खरे असले, तरी न्यायाचे नव्हे.

भाजणीवाल्यांचीही बाजू आहे, ती दुर्लक्षून चालणार नाही. कॉफी वर्षातून एकदा येते. वर्षभराचा साठा एका हंगामात घेऊन ठेवायचा म्हणजे छोट्या उद्योजकाचे सारे भांडवल गोदामात अडकते. त्याला आगाऊ रक्कम द्या म्हणून सांगणे सोपे आहे. ती आणायची कोठून? बँकांचे काम नेमके येथे सुरू होते. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा जिल्ह्यात पिकागणिक ठरलेल्या हेक्टरी खर्चावर बेतलेली असते; काढणीपश्चात आणि घरखर्च यांसाठी त्यात दहा टक्क्यांची भर पडते. फळ ओरबाडणारा आणि फळ निवडून वेचणारा असा भेद या गणितात नाही. कोडगूत आणखी एक गाठ आहे. तेथील जम्मा जमिनींच्या उताऱ्यावर कुटुंबप्रमुख पट्टेदाराचे नाव राहत आल्यामुळे प्रत्यक्ष बाग कसणाऱ्या भावाला वा पुतण्याला तारण देणे अवघड होऊन बसते.

म्हणून कर्ज शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापुरते न पाहता व्यवहाराकडे पाहून द्यावे, हे अधिक सयुक्तिक ठरेल. भाजणीवाला आणि बागायतदार यांच्यात तीन वर्षांचा लेखी करार असेल, तर त्या करारावर भाजणीवाल्याला खेळते भांडवल मिळावे आणि त्यातील ठरावीक हिस्सा वेचणीआधी थेट बागायतदाराच्या खात्यात जमा व्हावा. माल नोंदणीकृत गोदामात गेल्यावर २००७च्या कायद्याखालील गोदाम पावती तारण म्हणून उपलब्ध असतेच. करारात केवळ निवडक पोती नव्हेत, तर निवडून वेचलेला सारा माल प्रतवारीनुसार घेण्याची अट हवी.

भावाचे काय? एकच आकडा तीन वर्षांसाठी बांधून घेणे दोघांनाही घातक ठरेल. २००१मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला पन्नास सेंटच्याही खाली घसरली होती; फेब्रुवारी २०२५मध्ये तीच चार डॉलरच्या पुढे गेली. भाव असा चढला की साधा मालही सोन्याच्या मोलाने जातो, आणि निवडून वेचण्याचा खटाटोप कशाला, असे बागायतदाराला वाटले तर त्याला दोष देता येत नाही. तेव्हा बाजारभावावर ठरावीक अधिक रक्कम आणि मंदीसाठी एक किमान भाव, अशी दुहेरी रचनाच टिकेल. तेजीत भाजणीवाल्याला ती महाग पडेल, हे उघड आहे. पण बागेच्या नावावर तो ग्राहकाकडून जे घेतो, ते याच हमीचे मोल आहे.

मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्याच्या सरी पडतात, आठवडाभरात झाडे पांढऱ्या फुलांनी लवतात, आणि येत्या हंगामाच्या पिकाचा पहिला अंदाज बांधता येतो. तेव्हापासून वेचणीपर्यंत करार करायला सहा महिने हाताशी असतात. आज ते बहुधा वेचणी संपल्यावर, चव घेऊन झाल्यावर होतात.