बोलायला कोण शिकवणार?

मागच्या महिन्यात वस्तीतल्या बैठकीला एक मैत्रीण दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मुलगी ‘आई’ आणि ‘पाणी’ एवढंच बोलते. सासूचं म्हणणं, ‘हीच घुमी, मग पोर कशी बोलणार?’ थोरल्याच्या शाळेतल्या बाईंनी बजावलेलं, ‘घरात शुद्ध मराठी बोलत जा.’ ही अहिराणी बोलणारी, चार घरची धुणीभांडी करणारी. चुकीचं बोलू नये म्हणून तिनं मुलीशी बोलणंच कमी केलं होतं!

मैत्रिणींनो, मूल बोलायला शिकतं ते त्याच्याशी कुणी बोलतं आणि त्याच्या उत्तराची वाट पाहतं म्हणून. त्यासाठी महागडी खेळणी किंवा तक्ते लागत नाहीत. मेथी निवडताना ‘ही काडी टाकू?’ असं विचारावं आणि थांबावं. मूल ‘ताक’ म्हणालं की ‘हो, काडी टाक’ असं आपण पुरं करावं. ‘नीट बोल’ म्हणून दटावू नये. आणि हे सारं आपल्या तोंडी सहज येणाऱ्या बोलीत. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल मागे पडत नाही. मोबाईल मात्र नुसता बोलत राहतो, मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. दोन वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराहून जास्त पडदा नको आणि त्याआधी तर नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलं आहे.

पण हे सगळं करायचं कुणी? ‘आईनं’ हे उत्तर किती पटकन येतं! २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७, असं दिसलं. शिवाय घरकाम करणारे पुरुषच मुळात थोडे. मग मुलाशी चार शब्द बोलायला बापाला, आजोबांना सवड नाही, हे कसं पटावं?

सरकारचंही तेच. अंगणवाडीतलं शाळापूर्व शिक्षण तिसऱ्या वर्षापासून. त्याआधीच्या मुलांसाठी मुख्यतः घरी न्यायचा शिधा. २०२४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आराखडा आला. २०१७ च्या दुरुस्तीनं पाळणाघराची सक्ती झाली ती पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. चार घरी राबणारीचं मूल त्यात कुठेच बसत नाही.

एक गोष्ट कार्यकर्त्यांनी विसरू नये. दीड वर्षाचं मूल एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, तर ‘बापही उशिराच बोलला’ म्हणत थांबू नका. आधी कान तपासून घ्या.

या मुलीचे तपासले. ऐकू नीट येतं. त्या दिवशीचा खाडा मात्र आईच्याच पगारातून गेला. पुढच्या बैठकीला आम्ही बापाला बोलावलं होतं. तो आला नाही. पुन्हा निरोप धाडला आहे.