विश्लेषण : मुलांच्या गटात मोठी माणसे का टिकत नाहीत?

जून उजाडला की सोसायटीच्या, वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरतो. ‘मुलांच्या रविवारच्या गटासाठी स्वयंसेवक हवेत. इच्छुकांनी संपर्क साधावा.’ खाली सात-आठ जोडलेले हात, चार अंगठे. रविवारी मैदानावर मात्र तेच दोघे, जे गेली कित्येक वर्षे येत आहेत. मग गट चालवणारे म्हणतात, ‘हल्ली लोकांना वेळच नाही.’ हे निदान मला पटत नाही. वेळ काढू शकणारी माणसे असतात. पण त्यांना नाव घेऊन कुणी विचारत नाही, आणि ती आलीच तर त्यांना काय काम द्यायचे हे ठरलेले नसते.

पहिल्या रविवारी काय होते?

काही वर्षांपूर्वी मीही असाच एका गटात गेलो होतो. गट चालवणारे दादा धावपळीत होते. ‘बसा ना, बघा,’ म्हणाले आणि शिट्टी वाजवत निघून गेले. दोन तास मी कडुनिंबाखाली उभा. मुलांना वाटले, मी कुणाचा तरी बाबा आहे, न्यायला आलोय. निघताना ‘पुढच्या रविवारी या हं’. दुसऱ्या रविवारीही तोच कडुनिंब. तिसऱ्या रविवारी मी गेलो नाही. कुणाचा फोनही आला नाही. ‘त्यांचा उत्साह टिकला नाही,’ असे नंतर कुणाकडून तरी कळले.

त्या दिवशी मला एवढेच सांगायला हवे होते : ‘ही सहा मुले, ही दोरी. पंधरा मिनिटे रस्सीखेच तुम्ही घ्या.’ किंवा एखाद्या दहा वर्षांच्या मुलीवर काम सोपवायचे, की नव्या काकांना आपले खेळ समजावून सांग. मुले हे फार मन लावून करतात, आणि जाताना नव्या माणसाला सहा नावे पाठ झालेली असतात.

पूर्वी माणसे कुठून येत?

राष्ट्र सेवा दलाची १९४१ मध्ये नव्याने बांधणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. निळू फुले, स्मिता पाटील यांच्यासारखे कलावंत या वातावरणातून आले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण शाखा भरवायला रोज संध्याकाळी कुणीतरी मैदानावर हजर राहत होते, त्यांची नावे कुणाला आठवत नाहीत. त्यांतले अनेक जण आधी त्याच शाखेतली मुले होती. नवा माणूस शोधायची पहिली जागा आजही हीच आहे : दहावीनंतर सुटलेली, आता नोकरीला लागलेली आपलीच मुले. त्यांची यादी किती गटांकडे असते?

स्काउट चळवळीने मोठ्यांच्या प्रशिक्षणाचा विचार अधिक शिस्तीने केला आहे. पथक चालवणाऱ्यासाठी बेसिक, ॲडव्हान्स्ड आणि पुढे हिमालय वूड बॅज अशा पायऱ्या आहेत. आपल्या शाळांत मात्र पथक बहुधा एकाच शिक्षकाच्या खांद्यावर असते. त्याची बदली झाली की गणवेश कपाटात जातात.

आणि विचारायचे कुणाला? आपल्या ओळखीच्या, आपल्यासारख्या चौघांनाच आपण विचारतो. पाळीत काम करणारा कामगार, रिक्षाचालक, निवृत्त पोस्टमन यांच्यापर्यंत प्रश्न पोहोचतच नाही. संध्याकाळी सातची वेळ ठेवायची आणि ‘महिला येत नाहीत’ म्हणायचे, हेही नेहमीचेच. त्या वेळी घरोघरी कुकर कोण लावत असते?

पडताळणी म्हणजे अविश्वास का?

इथे बहुतेक गट संकोचतात. ‘ओळखीचेच आहेत, कागद कसले मागायचे?’ पण पॉक्सोखाली नोंदल्या जाणाऱ्या लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीतलाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे दाखवते आहे. पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याखालच्या २०२० च्या नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी बंधनकारक केली. नियमातला शब्द ‘कर्मचारी’ आहे. रविवारी बिनपगारी येणारा काका त्यात बसतो का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा गटाने स्वतःच नियम करावा. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या प्रकरणानंतर तरी हे कुणाला पटवून द्यावे लागू नये.

संकोच जातो तो नियम सगळ्यांना सारखा असला की. गट चालवणाऱ्याने आधी स्वतःचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र फाइलला लावावे; महाराष्ट्रात त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. ओळखीच्या दोन माणसांकडे चौकशी करावी. कुठलाही मोठा माणूस मुलाबरोबर एकटा राहणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे. अत्याचाराचा संशय आला तर पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते नव्या स्वयंसेवकालाही लागू आहे, हेही त्याला माहीत हवे. माझा अनुभव असा, की चांगल्या हेतूने आलेला माणूस याने दुखावत नाही. इथे मुलांची काळजी घेतली जाते, हे त्याला कळते.

किती दिवसांसाठी?

‘जमेल तसे या’ हे वाक्य प्रेमळ वाटते, पण त्यामुळेच माणसे गळतात. त्यापेक्षा ‘जुलै ते सप्टेंबर, दर रविवारी नऊ ते अकरा, नंतर बोलू’ असे सांगितले की माणूस घरी विचारून हो किंवा नाही म्हणू शकतो. बसभाडे गटाने द्यावे, निदान विचारावे तरी. सप्टेंबरअखेर चहाला बसून ‘पुढे जमेल का?’ असे विचारावे, आणि नाही म्हटले तर तोंड वाकडे करू नये. असा सुखाने गेलेला माणूस दिवाळीच्या शिबिराला दोन दिवस तरी येतो. आणि एखाद्या रविवारी तो दिसला नाही, तर सोमवारी त्याला फोन करावा.