पंखा पाचवर!

डिसेंबरचा महिना, पुण्याची थंडी, रात्रीचे अडीच. बाबा कानटोपी घालून दोन गोधड्यांत गुडुप. आणि आई? पंखा पाचवर करून पलंगाच्या कडेला बसलेली, गाऊन घामाने चिंब. मी डेडलाइनच्या कृपेने जागीच होते.

‘अगं, काय होतंय तुला?’

‘काही नाही. तू तुझं काम कर.’

गेले सहा महिने घरात हेच चाललं होतं. पोळी करपली की चिडचिड, मी उशिरा आले की चिडचिड, मालिका बघताना एकदम डोळ्यांत पाणी. मी आपला सोयीस्कर अर्थ काढून मोकळी. माझं लग्न ठरत नाही, फ्रीलान्सिंगला महिन्याचा पगार नाही, त्याचंच हे टेन्शन! जगातलं प्रत्येक टेन्शन आपल्यामुळेच, हा आपल्या पिढीचा लाडका गैरसमज.

मग एकदा रिक्षासाठी सुट्टे शोधताना तिच्या पर्समध्ये एक टाइप केलेला कागद सापडला. ‘घरगुती कारणास्तव मला शाखाधिकारीपदाची बढती स्वीकारता येणार नाही.’ सही व्हायची होती. माझी आई ४९ वर्षांची. बँकेत क्लार्क म्हणून लागली, परीक्षा देत देत इथवर आली. आणि आता ‘घरगुती कारण’? आमच्या घरात तर कुणाला साधा तापही नव्हता!

विचारलं, तर आधी ओरडली. मग हळूच म्हणाली, ‘मीटिंगमध्ये बोलता बोलता शब्दच आठवत नाही गं. परवा रोजच्या कस्टमरचं नाव विसरले. सगळ्यांसमोर घामाच्या धारा लागतात. त्या खुर्चीत बसून हसं करून घेऊ? आजीसारखं विसरायला तर व्हायला लागलं नाही ना मला?’

उत्तर द्यायला पंधरा दिवस होते. दुसऱ्याच दिवशी मी तिला गायनॅकॉलॉजिस्टकडे नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाळीचा विचारला. कधी वीस दिवसांत, कधी दोन महिन्यांनी. निदान झालं, पेरिमेनोपॉज. सलग बारा महिने पाळी आली नाही की तो मेनोपॉज. भारतात त्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास. त्याआधीची काही वर्षं म्हणजे हा काळ. इस्ट्रोजेन खालीवर होतं, मेंदूतला थर्मोस्टॅट हळवा होतो आणि जरा कुठे अंग तापलं की शरीर घाम सोडून मोकळं. घामाने झोप मोडते, झोप मोडली की चिडचिड आणि विसरणं वाढतं. ‘हा स्मृतिभ्रंश नाही, मॅडम. बहुतेकींचं हे पुढे निवळतं,’ डॉक्टर म्हणाल्या. आई तिथेच रडली.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तेवढं तपासलं, कारण त्यांचा त्रासही असाच दिसतो. मग होमवर्क मिळालं: घाम कधी येतो, आधी काय खाल्लं-प्यायलं, झोप किती, सगळं लिहायचं. आठवड्यात चोर सापडला. चार वाजताचा कढत चहा आणि सोबतची झणझणीत भेळ! चहा निम्मा झाला आणि थोडा निवू द्यायचा ठरलं. सिंथेटिक साड्या कपाटात, सुती कुर्ते बाहेर. पर्समध्ये छोटा पंखा आणि पाण्याची बाटली. हाडांसाठी नाचणीची भाकरी, रोजचं चालणं आणि माझे धूळ खात पडलेले डंबेल्स.

हार्मोन्सच्या गोळ्यांचा विषय निघाला, तशी आई दचकली. ‘त्यानं कॅन्सर होतो ना?’ ही भीती पसरली २००२ मध्ये, अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला तेव्हा. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. आज डॉक्टर सांगतात, साठीच्या आतल्या निरोगी बाईला त्रास जास्त असेल, तर फायदा सहसा धोक्यापेक्षा मोठा असतो. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांनी मात्र या वाटेला सहसा जायचं नसतं. आईने तीन महिने थांबून बघायचं ठरवलं. निर्णय तिचा.

शेजारच्या काकूंचा सल्ला होताच, ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.’ डॉक्टर म्हणाल्या, घामावर हा उपाय नव्हेच. सोबत अंडाशयंही काढली, तर मेनोपॉज एका दिवसात दारात! हो, पण तासाला एक पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्त दिसलं, तर थांबायचं नाही. थेट दवाखाना.

तुमच्या ऑफिसातही एसीच्या रिमोटवरून मारामारी होत असेल. पुढच्या वेळी ‘मॅडमचं डोकं फिरलंय’ असा मेसेज टाइप करण्याआधी एक सेकंद थांबा. स्वेटर तुम्ही घालू शकता, घाम त्यांना काढून ठेवता येत नाही.

आणि तो कागद? घामाची नोंद आईने त्याच्याच पाठीमागे केली होती, त्यामुळे तो बँकेत गेलाच नाही. शाखाधिकाऱ्याची खुर्ची तिने घेतली. घाम अजून येतो, शब्द अजून अडतात. मग ती सरळ सांगते, ‘एक मिनिट, आठवतेय.’

बाबांनी तिच्या बाजूला टेबलफॅन आणून ठेवलाय. आणि स्वतःसाठी तिसरी गोधडी!