‘थांब, येऊ देत तुझे बाबा!’



‘थांब, येऊ देत तुझे बाबा, मग बघ!’ हे वाक्य एकदाही तोंडातून गेलं नाही, अशी आई शोधून सापडायची नाही. दुपारभर दंगा चाललेला असतो, हातातलं काम सुटत नाही, पोरं ऐकायचं नाव काढत नाहीत. मग आपण हे ब्रह्मास्त्र बाहेर काढतो. घटकाभर गुण येतोही. पण त्याची किंमत किती पडते, याचा आज जरा हिशेब मांडू या.

सकाळी अकराला बरणी फुटली आणि शिक्षा संध्याकाळी सातला! तोवर पाच-सहा वर्षांच्या पोराला बरणीची धड आठवणही राहिलेली नसते. त्याच्या मनात ठसतं ते एवढंच, की बाबा आले की बोलणी बसतात. आणि आईचा शब्द शेवटचा नसतो, हेही त्याला उमगतं. पुढेपुढे जिन्यावर पावलं वाजली, की खेळ थांबतो आणि पुस्तक उघडलं जातं. आपण कौतुकानं म्हणतो, ‘यांचा वचक आहे हो घरात!’

हाच वचक मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं, की अंगाशी येतो. गणितात नापास झालं, कुणी वाटेत त्रास दिला, मित्राकडून पैसे घेतले, तर ते बाबांकडे जात नाही. आपल्या पदराशी येऊन म्हणतं, ‘आई, बाबांना सांगू नकोस हं.’ आणि ज्या आईनं बाबांचा बागुलबुवा केला, तिलाच आता लपवाछपवी करावी लागते. प्रगतिपुस्तकावर गुपचूप सही होते, डब्यातले पैसे निघतात. एक दिवस सगळं उघडकीला आलं, की ‘तुझ्याच लाडानं बिघडला’ आणि ‘तुम्ही घरात असता कुठे?’ यावर येऊन ठेपतं. खरं म्हणजे दोघंही त्या मुलासाठीच झुरत असतात!

आई मायाळू आणि वडील कडक, हा काही निसर्गनियम नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ आठवा. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला मारून विहिरीवर धाडणारी आईच होती, आणि मागाहून मायेनं समजावणारीही तीच. तिचा मार आपल्याला घ्यायचा नाही. शाळेतसुद्धा शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं मुलांना मारायला बंदी आहे. घ्यायचं ते एवढंच, की माया आणि शिस्त एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात.

ही वाटणी कायद्यातही होती. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईजवळ राहावं असं म्हटलं, पण पालक म्हणून पहिलं नाव बापाचं आणि ‘त्याच्यानंतर’ आईचं. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ‘नंतर’ म्हणजे केवळ बापाच्या मृत्यूनंतर असं नव्हे. तो मुलाचं काही पाहत नसेल, तर त्याच्या हयातीतही आई पालक असते. आपल्या महाराष्ट्रात तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदांवर, वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. कागद बदलला, आता घरातली वाटणीही बदलायला नको का?

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, ज्याच्यासमोर चूक झाली, त्यानंच तिथल्या तिथे निकाल लावावा. दूध सांडलं, फडकं हातात द्यावं. खटला संपला! संध्याकाळी तो पुन्हा उभा करायचा नाही.

दुसरं, दोघांनी बसून तीन-चारच नियम ठरवावेत: खोटं बोलायचं नाही, न सांगता कुठे जायचं नाही, जेवताना मोबाइल नाही. यात दोघांचा एक शब्द. यांनी ‘नाही’ म्हटलेलं पटलं नाही, तर पोरं झोपल्यावर बोला, त्यांच्यादेखत खोडू नका. बाकी बाबतींत फरक राहू द्या. तुम्ही पानातली भाजी संपवायला लावाल, ते भेळ खायला नेतील. त्यानं काही बिघडत नाही.

तिसरं जरा आपल्याला झोंबणारं आहे. बाबांनी वेणी घालायला घेतली, की आपण म्हणतो, ‘सरा, तुम्हाला नाही जमायचं!’ अहो, वाकडी झाली तर होऊ दे. आंघोळ, रात्रीची गोष्ट, शाळेतली पालकसभा, यातलं एक तरी काम कायमचं त्यांच्याकडे द्या आणि मागे उभ्या राहून सूचना देऊ नका. रागावण्याचंच काम ज्याच्याकडे, त्याच्या गळ्यात मूल कसं पडणार?

आणि हे यजमानांना भांडणात सुनवू नका. निवांतपणी एवढंच म्हणा, ‘अहो, पोरं तुम्हाला भितात, ते मला आवडत नाही. यापुढे मी तक्रार घेऊन येणार नाही. तुम्ही रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसा.’ कितीही अबोल बाप असला, तरी आपली मुलं आपल्याला भितात हे ऐकून तो थोडा हलतोच.

तेव्हा येते आठ दिवस हे वाक्य तोंडाशी आलं, की गिळून टाका. संध्याकाळी दार उघडताना मुलाची एखादी चांगलीच गोष्ट सांगा, आणि ती त्याच्या कानावर जाईल अशी सांगा.